तिसरा हिस्सा

दोन दाताळी पाठीला पाठ लावून तारेनं आवळली,
मधोमध दोर.
बांधावर पाय रोवून भिरकावायची,
तळाला टेकेपर्यंत थांबायचं,
मग ओढायची. हळू.
काडी तुटली की तुटलेली काडीही जगते,
असं निलाजरं गवत हे.

कूनटेल म्हणतात इकडे, ओझार्कच्या टेकड्यांत;
रॅकूनच्या शेपटीसारखं झुपकेदार.
पाण्यात देखणं.
बाहेर काढलं की ओल्या कुत्र्यासारखं अंगाला बिलगतं
आणि वास कुजक्या काकडीचा.

व्हर्लिन ट्रकमध्ये बसलाय, दार उघडं टाकून.
नाकात नळी, पायांशी सिलिंडर,
मांडीवर बियाण्यांच्या कंपनीची टोपी.
माझा थोरला भाऊ.
चाळीस वर्षांत या तळ्याबद्दल
अवाक्षर काढलेलं नाही त्यानं.

त्या जुलैत तळं काठोकाठ हिरवं झालं होतं.
गळ टाकला की गवतच वर यायचं.
रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर लोक हसायचे,
‘व्हर्लिन, तुझ्या तळ्यात गाई सोडू का चरायला?’
त्यानं औषधाचं पिंप आणलं.
वर लिहिलं होतं : एका वेळी तिसरा हिस्सा,
मग दोन आठवडे थांबा.
वाचलं त्यानं. वाचताना मी पाहिलं.
पण थांबणं आमच्या रक्तात नाही,
बाप तर मक्याचं कणीस शेतातच कच्चं खायचा.

सगळं एकदम ओतलं.
गवत मेलं, खाली बसलं, कुजू लागलं.
कुजणाऱ्यालाही हवा लागते,
आणि तो ती शेजाऱ्याच्या तोंडची घेतो,
हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

पाचव्या पहाटे मासे वर आले.
ओठ पाण्याबाहेर,
उघडमीट, उघडमीट, काठापासून काठापर्यंत.
आवाज होता त्याला.
मंद आचेवर काही रटरटत राहावं तसा.
मी चप्पल न घालताच धावत गेले होते,
आणि करण्यासारखं काहीच नव्हतं.
उन्हं झाडांवर आली तोवर आवाज थांबला.

बास आणि कॅटफिश मिळून दोनशे बारा.
ब्लूगिल मोजलेच नाहीत.
ट्रॅक्टरनं चर खणून मक्याच्या शेतात पुरले.
त्या वर्षी मका डोक्याच्या वर गेला.
आईनं एक कणीस उकडलं नाही.

मत्स्य खात्यातला पोरगा म्हणाला, गवत खाणारे कार्प सोडा.
वांझ केलेले असतात, वाढतात, पण वाढवत नाहीत.
बारा पुरतील, म्हणाला.
मी चार सोडले.
बारांनी तळं बोडकं केलं असतं,
आणि पिल्लांना लपायला थोडा अंधार लागतोच.
बाकीचं माझं दाताळं.
खांदा रात्री बोलतो, बोलू दे.

आज पूर्वेचा काठ मोकळा झाला.
पाण्यात आभाळाचा एक चतकोर दिसला.
दोर गुंडाळू लागले तर ट्रकमधून आवाज आला,
‘एवढंच?’
‘एवढंच.’
‘आणि उरलेलं?’
‘दोन आठवड्यांनी.’
तो हसला की खोकला, कळलं नाही.

मग उतरला.
सिलिंडरचं चाक चिखलात रुतलं,
त्यानं ते शिवी देऊन ओढलं.
गवताच्या ढिगाशी एका कुशीवर बसला
आणि बोटांनी गवत विंचरू लागला,
लहानपणी माझी जट सोडवायचा तसा.
एक गोगलगाय. चतुराची अळी, चिडलेली.
मग नखाएवढा ब्लूगिल,
कल्ले अजून हलत असलेला.

तळहातावर घेऊन नुसता बघत राहिला.
‘सोड,’ मी म्हटलं. ‘व्हर्लिन, सोड लवकर.’
सिलिंडर फुसफुसत होतं.
त्यानं हात पाण्यात घातला, मनगटापर्यंत,
मासा केव्हाच गेला,
हात मात्र त्यानं बराच वेळ काढला नाही.